ग्रंथालयाची वेबसाइट: शोधल्यापासून पुस्तक हातात पडेपर्यंत

ग्रंथालयाच्या वेबसाइटवर कोणी फिरायला येत नाही. ग्रंथालय आज किती वाजेपर्यंत उघडं आहे, हवं असलेलं पुस्तक तिथे आहे का, असलं तर ते कोणी नेलंय का, घरी असलेल्या पुस्तकाची मुदत वाढवून मिळेल का, एखादा लेख किंवा ई-पुस्तक घरबसल्या वाचता येईल का, अशा चार-पाच कामांपैकी एक काम डोक्यात घेऊन माणूस येतो आणि ते झालं की निघून जातो. त्याला तिथे रमवून ठेवायची गरज नसते. एस. आर. रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम १९३१ मध्ये मांडले. त्यातला चौथा नियम सांगतो, वाचकाचा वेळ वाचवा. वेबसाइट तपासायला एवढी एक कसोटी बऱ्याच अंशी पुरते.

आता नेहमीचं मुखपृष्ठ डोळ्यांपुढे आणा. वर इमारतीची सरकती छायाचित्रं. त्याखाली स्वागतपर मनोगत, मग ग्रंथालयाचा इतिहास, मग ‘नवीन’ अशी लुकलुकणारी पाटी लावलेल्या सूचना. मेनूत विभागांची नावं: देवघेव विभाग, नियतकालिक विभाग, संदर्भ विभाग, तांत्रिक विभाग. संस्थेच्या आत कामाची वाटणी तशी असते म्हणून वेबसाइटचीही तशीच. वाचकाला हे विभाग ठाऊक नसतात, ठाऊक असायचं कारणही नाही. उघडण्याची वेळ शोधायला त्याने ‘आमच्याविषयी’मध्ये जायचं, तिथून ‘नियमावली’त, आणि तिथे एक पीडीएफ उतरवून तिसऱ्या पानावर वेळापत्रक पाहायचं.

सरकत्या छायाचित्रांचं एक मोजमाप प्रसिद्ध आहे. अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठाच्या वेबसाइटवर २०१३ च्या सुमारास पाहिलं गेलं, तेव्हा मुखपृष्ठ उघडणाऱ्यांपैकी सुमारे १ टक्का लोकांनी त्या पट्टीवर क्लिक केलेलं होतं आणि त्यातलेही बहुतेक क्लिक पहिल्याच चित्रावर होते. पानावरची सगळ्यात मोक्याची जागा एवढ्यासाठी द्यायची का, हे ज्याने त्याने ठरवावं. माझं मत विचाराल तर तिथे एक शोधपेटी आणि तिच्याशेजारी ‘आज रात्री ८ वाजेपर्यंत उघडं’ अशी एक ओळ, बस.

आणखी दोन शब्द सुरुवातीलाच समजून घेऊ. वापरसुलभता म्हणजे आलेल्या माणसाला आपलं काम न अडखळता करता येणं. सुगम्यता म्हणजे तेच काम डोळ्यांनी न दिसणाऱ्या, ऐकू न येणाऱ्या, माउस धरता न येणाऱ्या किंवा गुंतागुंतीचा मजकूर पटकन न उलगडणाऱ्या माणसालाही करता येणं. दोन्ही गोष्टी कागदावर वेगळ्या दिसतात, व्यवहारात एकाच रस्त्यावरचे खड्डे निघतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे १.३ अब्ज लोकांना लक्षणीय स्वरूपाचं अपंगत्व आहे, म्हणजे दर सहा माणसांत एकाला. त्यात हात प्लास्टरमध्ये असलेला, चष्मा विसरलेला, भर उन्हात फोन बघणारा माणूस धरलेलाच नाही. शिवाय ग्रंथालयांचे जुने, नियमित वाचक वयाने मोठे असतात. त्यांची नजर आणि हात पूर्वीसारखे राहिलेले नसतात, आणि आपल्याला अपंग म्हणावं असं त्यांना वाटतही नसतं.

नियम कुठून येतात

याबाबत जगभर मानली जाणारी एक नियमावली आहे. वेबचे तांत्रिक मानदंड ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संघटनेने ती १९९९ मध्ये पहिल्यांदा काढली. २००८ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली आणि पुढे २०१८ मध्ये २.१ आणि २०२३ मध्ये २.२ अशा तिच्यात भरी पडत गेल्या. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला डब्ल्यूसीएजी म्हणतात. तिची चार तत्त्वं साधी आहेत. मजकूर कोणत्या तरी इंद्रियाने जाणवला पाहिजे, कोणत्या तरी साधनाने चालवता आला पाहिजे, समजला पाहिजे, आणि वेगवेगळ्या ब्राउझरांत व साहाय्यक साधनांत टिकला पाहिजे. नियमांच्या ‘ए’, ‘एए’ आणि ‘एएए’ अशा तीन पातळ्या आहेत. अनेक देशांचे कायदे आणि सरकारी धोरणं मधल्या ‘एए’ पातळीकडे बोट दाखवतात.

नियमावली वाचायला रुक्ष आहे, आणि ती आधी वाचून मग वेबसाइट बांधायला बसलं की माणूस नियमांचे रकाने भरत राहतो, वाचक बाजूलाच पडतो. त्यापेक्षा एक पुस्तक धरावं आणि ते शोधल्यापासून हातात पडेपर्यंत वाचकाला काय काय करावं लागतं ते पायरी पायरीने पाहावं. नियम वाटेत आपोआप भेटतात.

शोधपेटी

ग्रंथालयाच्या वेबसाइटवरचा सगळ्यात महागात पडणारा घोटाळा या एका पेटीत असतो. बऱ्याच ठिकाणी वर उजव्या कोपऱ्यात एक शोधपेटी असते, ती फक्त वेबसाइटची पानं शोधते. पुस्तकांची तालिका, जिला ग्रंथपाल ‘ओपॅक’ म्हणतात, वेगळ्या पत्त्यावर वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये असते. वाचक दिसेल त्या पेटीत पुस्तकाचं नाव टाइप करतो, ‘काहीही सापडलं नाही’ असं उत्तर येतं आणि पुस्तक ग्रंथालयात नाही अशी समजूत करून घेऊन तो जातो. पुस्तक मात्र कपाटात असतं. याची कोणी तक्रारही करत नाही, कारण आपली गल्लत झाली हे त्याला कळायला मार्गच नसतो.

उपाय दोन आहेत. पेटी एकच ठेवायची, ती मुख्यतः तालिकाच शोधेल आणि तिच्यावर ‘पुस्तक, लेखक किंवा विषय शोधा’ असं स्पष्ट लिहिलेलं असेल. किंवा एकाच पेटीतून सगळीकडे शोधून निकाल वेगवेगळ्या खणांत दाखवायचे: एकात पुस्तकं, दुसऱ्यात लेख, तिसऱ्यात वेबसाइटची पानं. दुसरा उपाय जास्त खर्चाचा असला तरी कुठे शोधायचं हा निर्णय तो वाचकावर टाकत नाही.

पेटीवरचं नाव पेटीच्या आत फिकट अक्षरांत लिहिण्याची एक फॅशन आहे. टाइप करायला लागलं की ते नाव पुसलं जातं, आणि मध्येच फोन वाजला तर परत आल्यावर या पेटीत काय लिहायचं होतं ते आठवत नाही. नाव पेटीच्या बाहेर, कायम दिसेल असं आणि कोडमध्ये त्या पेटीशी जोडलेलं हवं. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर आवाजात किंवा ब्रेल पट्टीवर देणारा प्रोग्रॅम, पडद्याचं रूप बघत नाही. त्याला जे मिळतं ते कोडमधून मिळतं. जोडणी नसेल तर त्याच्या कानी फक्त ‘एडिट, ब्लँक’ असं काहीतरी पडतं.

देवनागरीत शोधताना आणखी एक दगड वाटेत आहे आणि त्याकडे वेबसाइट बनवणाऱ्यांचं सहसा लक्ष जात नाही. ‘तऱ्हा’ हा शब्द संगणकावर खरोखर दोन तऱ्हांनी टंकला जातो. एका तऱ्हेत ‘ऱ’ हे युनिकोडमधलं, म्हणजे लिप्यांतल्या अक्षरांना संगणकासाठी ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीतलं, स्वतंत्र अक्षर असतं. दुसरीत साध्या ‘र’ला हलन्त देऊन त्याच्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवलेलं असतं. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते वेगळे शब्द. नोंद करणाऱ्याने एक पद्धत वापरली आणि शोधणाऱ्याने दुसरी, की निकाल शून्य. ‘ॲ’चंही तेच. या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली. त्यामुळे जुन्या नोंदींत ते ‘अ’वर चंद्र चढवून केलेलं असू शकतं. त्यात ‘ग्रंथ’ आणि ‘ग्रन्थ’, ह्रस्व-दीर्घाचे गोंधळ, देवनागरी आणि इंग्रजी आकडे हे सगळं मिळवा. आणि मराठी पुस्तक रोमन अक्षरांत टाइप करून शोधणारे वाचक तर असतातच.

हे सोडवता येतं. शोध चालवण्याआधी नोंद आणि प्रश्न दोन्ही एकाच साच्यात आणून मग तुलना करायची: अदृश्य चिन्हं काढायची, अक्षराची दोन रूपं एक मानायची, पंचमवर्णाचा अनुस्वार करायचा, ह्रस्व-दीर्घाकडे कानाडोळा करायचा. निकालात थोडी जास्त पुस्तकं आली तरी चालतील, हवं ते हरवायला नको. लिपीच्या प्रश्नासाठी तर ग्रंथालयांकडे सोय आधीपासूनच आहे. पुस्तकाची नोंद संगणकावर ठेवण्याचा मार्क हा आराखडा अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट अवराम यांच्या नेतृत्वाखाली १९६० च्या दशकात तयार झाला. आज चालणाऱ्या त्याच्या रूपात ८८० क्रमांकाचं क्षेत्र, म्हणजे नोंदीतला एक रकाना, दुसऱ्या लिपीतल्या रूपासाठी राखलेलं आहे. शीर्षक दोन्ही लिप्यांत भरलेलं असेल तर वाचक कोणत्याही लिपीतून त्याच पुस्तकापाशी पोचतो.

आणि तरीही काही सापडलं नाही, तर ‘० निकाल’ लिहून थांबू नये. जवळचे शब्द सुचवावेत, लेखकाच्या नावाने शोधून पाहायला सांगावं, पुस्तक मागवण्याची विनंती करण्याची किंवा ग्रंथपालाला विचारण्याची वाट दाखवावी.

निकालांची यादी आणि पुस्तकाचं पान

यादीत वीस पुस्तकं आली आणि प्रत्येकाखाली ‘अधिक’ असा दुवा दिला, असं समजू. डोळ्यांनी पाहणाऱ्याला कोणतं ‘अधिक’ कोणाचं ते जागेवरून कळतं. स्क्रीन रीडर वापरणारा माणूस मात्र बरेचदा पानावरच्या फक्त दुव्यांची यादी काढून ऐकतो, आणि त्याला ऐकू येतं: अधिक, अधिक, अधिक, वीस वेळा. पुस्तकाचं नावच दुवा केलं की प्रश्न मिटला. तेच नाव कोडमध्ये शीर्षक म्हणून खुणावलं तर आणखी उत्तम. वेबएम ही संस्था स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांची वेळोवेळी पाहणी करते. लांबलचक पानावर हवं ते शोधायला तुम्ही आधी काय करता, या प्रश्नाला दोन तृतीयांशांहून जास्त लोकांचं उत्तर असतं, शीर्षकांवरून उड्या मारतो. नुसती ठळक आणि मोठी केलेली अक्षरं त्यांच्या दृष्टीने शीर्षक नसतात.

मुखपृष्ठांच्या चित्रांबाबत नेमका उलटा सल्ला द्यावा लागतो. चित्राला पर्यायी मजकूर, म्हणजे चित्र न दिसणाऱ्याला वाचून दाखवलं जाणारं कोडमधलं वर्णन, द्या हा नियम सगळ्यांनी पाठ केलेला असतो, म्हणून प्रत्येक मुखपृष्ठाला पुस्तकाचं नाव पर्यायी मजकूर म्हणून दिलं जातं. शेजारी तेच नाव लिहिलेलं असल्याने ऐकणाऱ्याला प्रत्येक नाव दोनदा ऐकावं लागतं. अशा ठिकाणी पर्यायी मजकुराची जागा मुद्दाम रिकामी सोडायची, म्हणजे स्क्रीन रीडर चित्र ओलांडून पुढे जातो. ती जागा कोडमध्ये असलीच पाहिजे, नाहीतर काही वेळा चित्राच्या फाइलचं लांबलचक नाव वाचून दाखवलं जातं.

पुस्तक उपलब्ध आहे की नाही हे हिरव्या आणि लाल ठिपक्याने दाखवायची हौस अनेकांना असते. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण दर बारांत एकाला रंगांधळेपणाचा कुठला ना कुठला प्रकार असतो आणि त्यात लाल-हिरव्याची गल्लत सर्वांत जास्त. इतर वंशांत प्रमाण कमी-जास्त असलं तरी गल्लत तीच. ठिपका राहू द्या, पण त्याच्याजवळ शब्द हवेत. आणि शब्दही वाचकाचे हवेत. ‘चेक्ड इन’ किंवा ‘ट्रान्झिटमध्ये’ असल्या सॉफ्टवेअरच्या भाषेपेक्षा ‘कपाटात आहे’, ‘१२ तारखेला परत येणं अपेक्षित’ हे बरं.

शब्दांचा विषय निघालाच आहे तर तो पुरा करू. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले ग्रंथपाल जॉन कुपरस्मिथ यांनी निरनिराळ्या ग्रंथालयांत झालेल्या वापर-चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र केले होते. ‘डेटाबेस’, ‘कॅटलॉग’, ‘इंटरलायब्ररी लोन’ हे शब्द वाचकांना पुन्हा पुन्हा चकवतात आणि ‘पुस्तकं शोधा’, ‘लेख शोधा’ अशी सरळ क्रियापदं त्यांना बरोबर वाटेला लावतात, असं त्यातून दिसलं. मराठीत ‘बोधांक’, ‘दाखल क्रमांक’, ‘आंतरग्रंथालयीन देवघेव’ यांची गत वेगळी नाही. ग्रंथपालांनी आपापसात हे शब्द जरूर वापरावेत, त्यांच्याशिवाय त्यांचं काम चालणार नाही. वाचकाला मात्र ‘कपाटावरचा क्रमांक’ आणि ‘दुसऱ्या ग्रंथालयातून मागवा’ असं सांगितलेलं कळतं.

पुस्तकाच्या पानावर नोंदीतली सगळी क्षेत्रं ओतण्याचा मोहही आवरावा लागतो. वाचकाचे प्रश्न एवढेच असतात: हेच का ते, आत्ता आहे का, कुठे ठेवलंय, मला कसं मिळेल. यांची उत्तरं वर द्यावीत. आकारमान, पृष्ठसंख्या, विषयशीर्षकं, आवृत्तीचे तपशील खाली, ज्याला हवे त्याला उघडता येतील असे.

आणखी एक खोच गाळण्यांची. यादी लहान करायला डावीकडे भाषा, वर्ष, प्रकार अशा चौकटी असतात. एकीवर खूण केली की पूर्ण पान नव्याने येतं आणि कळफलकावरून काम करणारा माणूस पुन्हा पानाच्या डोक्यावर फेकला जातो. तिथून टॅब दाबत दाबत खाली उतरायचं, दुसरी खूण करायची, पुन्हा वर. खुणा सगळ्या करून झाल्यावर दाबायचं एक बटण दिलं तर हा जाच संपतो. खाली सरकत जाल तशी आपोआप लांबत जाणारी यादीही ग्रंथालयाला सोयीची नाही. पत्ता आणि फोन क्रमांक पानाच्या तळाशी असतात आणि तळ कधी येतच नाही.

डोळे, बोटं आणि भाषा

फिकट करडी अक्षरं पांढऱ्यावर देखणी दिसतात, वाचायला जड जातात. साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला प्रकाशफरक किमान ४.५ला १ हवा, मोठ्या अक्षरांसाठी ३ला १ चालतो. शुद्ध काळ्या-पांढऱ्याचा फरक २१ला १ असतो आणि पांढऱ्यावरच्या पिवळ्याचा जेमतेम १च्या वर. हे मोजायला मोफत साधनं आहेत, अंदाज करत बसायची गरज नाही. वेबएम दरवर्षी दहा लाख मुखपृष्ठं यंत्राने तपासते. त्यात सर्वांत जास्त वेळा सापडणारी चूक हीच असते, आणि नव्वद टक्क्यांहून जास्त पानांवर कुठली ना कुठली चूक सापडतेच.

अक्षरं मोठी करून वाचणारा वाचक विसरू नये. ब्राउझरमध्ये पान ४०० टक्के मोठं केल्यावरही मजकूर एका स्तंभात वाहत राहिला पाहिजे. प्रत्येक ओळ वाचायला पान आडवं सरकवावं लागू नये. जे पान फोनवर नीट मांडलं जातं ते बहुधा याही कसोटीला उतरतं, कारण ब्राउझरच्या दृष्टीने दोन्हींचा प्रश्न सारखाच असतो: रुंदी कमी, मजकूर तेवढाच.

माउस बाजूला ठेवा आणि फक्त टॅब, शिफ्ट-टॅब, एंटर आणि बाणांच्या कळांनी पुस्तक आरक्षित करून बघा. माझ्या मते ही एकटी चाचणी बाकी दहा चाचण्यांच्या तोडीची आहे. आपण आत्ता कोणत्या दुव्यावर आहोत हे दाखवणारी चौकट दिसते का? पुष्कळ डिझायनर ती कुरूप दिसते म्हणून काढून टाकतात, आणि कळफलक वापरणारा अंधारात पडतो. मेनूतले चाळीस दुवे ओलांडून थेट मजकुरावर जाता येतं का? ‘कुकी’ची परवानगी मागणारी पट्टी आपल्या जागेवर झाकण घालून बसत नाही ना? आणि बोटाने वापरणाऱ्यासाठी, नियमावलीच्या २.२ आवृत्तीनुसार, बटणाची जागा किमान २४ बाय २४ पिक्सेलची हवी, किंवा शेजारच्या बटणापासून तेवढं अंतर हवं. थरथरत्या हाताला तेवढंही कमीच पडतं.

पान कोणत्या भाषेत आहे हे कोडमध्ये सांगणं ही एका ओळीची गोष्ट, आणि ती राहून जाते. मराठी पान इंग्रजी म्हणून नोंदलेलं असेल तर स्क्रीन रीडर इंग्रजी आवाजाने त्यावर तुटून पडतो आणि जे ऐकू येतं त्याला भाषा म्हणवत नाही, किंवा तो सरळ गप्प बसतो. मराठी पानात इंग्रजी परिच्छेद असेल तर त्याचीही भाषा वेगळी सांगायची. युनिकोडपूर्व फॉन्टांत टंकलेला जुना मजकूर तर त्याहून वाईट. तो दिसतो देवनागरी, पण आत रोमन अक्षरांची भेळमिसळ असते. तो ऐकता येत नाही, शोधता येत नाही, दुसरीकडे चिकटवता येत नाही. असा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेण्याला पर्याय नाही. देवनागरीच्या मांडणीबद्दल दोनच गोष्टी सांगतो. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. आणि ओळींमधलं अंतर सढळ ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात.

शिवण कुठे उसवते

मुखपृष्ठ कितीही नीट केलं तरी वाचक पुढे ज्या जागी जातो त्या बहुधा ग्रंथालयाच्या नसतात. तालिका एका कंपनीची, ई-पुस्तकं दुसरीची, संशोधनपत्रिका तिसरीच्या व्यासपीठावर. वाचकाच्या दृष्टीने हे सगळं ग्रंथालयच असतं. तो अडतो तो याच सांध्यांवर: रंगरूप अचानक बदलतं, परत यायची वाट दिसत नाही, आणि पुन्हा लॉगिन मागितलं जातं.

लॉगिन हा स्वतंत्र छळ आहे. लांबलचक सभासद क्रमांक, मध्ये रिकामी जागा सोडली तर ‘अवैध’, पासवर्ड चिकटवायला मनाई, आणि वर वाकडीतिकडी अक्षरं ओळखायला लावणारा कॅप्चा. २.२ आवृत्तीत यासाठी खास नियम आला आहे. आत शिरण्यासाठी वाचकाला काही आठवायला, कोडं सोडवायला किंवा अक्षरं उतरवून काढायला लावायचं असेल, तर त्याशिवायचा मार्गही द्यायला हवा. पासवर्ड लक्षात ठेवून आपोआप भरणारा पासवर्ड व्यवस्थापक चालू द्या, चिकटवू द्या, एवढ्याने बरंच काम होतं. रिकाम्या जागा संगणकाने स्वतः काढाव्यात. चूक झालीच तर ‘अवैध नोंद’ म्हणण्यापेक्षा ‘सभासद क्रमांकात १० आकडे असतात, तुम्ही ९ लिहिले आहेत’ असं सांगावं. काही मिनिटांत आपोआप बाहेर काढणारं सॉफ्टवेअर असेल तर आधी सूचना द्यावी आणि एक कळ दाबून वेळ वाढवायला किमान २० सेकंद द्यावेत. हळू टाइप करणाऱ्याचा अर्धा भरलेला अर्ज उडून गेला तर तो दुसऱ्यांदा भरेलच याची खात्री नाही.

दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आपल्याला हात घालता येत नाही हे खरं. पण करार करण्याआधी आणि नूतनीकरणाच्या वेळी ग्रंथालयाचा शब्द चालतो. तेव्हा विक्रेत्याकडून सुगम्यतेचा लेखी अहवाल मागावा, आणि अहवालावर न थांबता त्याच्याच माणसाला आपल्यासमोर माउसशिवाय एक ई-पुस्तक उघडून दाखवायला सांगावं. करारात दुरुस्तीची मुदत लिहून घ्यावी.

ई-पुस्तक उघडलं तरी आत काय आहे तेही महत्त्वाचं. पानांची छायाचित्रं काढून बनवलेली पीडीएफ स्क्रीन रीडरला कोरी असते. त्यातली अक्षरं ओळखून घ्यावी लागतात, शीर्षकं आणि वाचनक्रम खुणावावा लागतो. सुगम्य पीडीएफचा २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मानकही आहे. शक्य असेल तिथे ईपब हा ई-पुस्तकांचा फाइल-प्रकार बरा, कारण अक्षरं मोठी केली की मजकूर पडद्याच्या रुंदीत स्वतःला बसवून घेतो. ग्रंथालयाचे स्वतःचे नियम, वेळा, अर्ज मात्र पीडीएफमध्ये ठेवूच नयेत, साध्या पानावर लिहावेत. कार्यक्रमाचं पोस्टर चित्र म्हणून टाकलं तर तारीख, वेळ आणि जागा खाली अक्षरांतही लिहावी.

या टप्प्यावर कोणीतरी हमखास येऊन सांगतं की एक ओळ कोड चिकटवा, कोपऱ्यात छोटं चिन्ह येईल आणि वेबसाइट आपोआप सुगम्य होईल. भिंतीला ओल आली म्हणून वरून रंगाचा हात मारावा तसा हा प्रकार. आतली जोडणी चुकलेली असेल तर वरच्या चिन्हाला ती पूर्णपणे सुधारता येत नाही आणि कधी कधी ते वाचकाच्या स्वतःच्या साधनाच्या मध्येच येतं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकसंरक्षण करणाऱ्या सरकारी संस्थेने २०२५ मध्ये अशा दाव्यांवरून एका कंपनीला दहा लाख डॉलर भरायला लावले.

बसवून बघा

यंत्राने चालणारी तपासणी जरूर करा, ती फुकट आणि झटपट असते. पण चित्राला पर्यायी मजकूर आहे की नाही एवढंच यंत्र सांगतं. तो अर्थपूर्ण आहे का, हे माणसालाच कळतं.

खरी चाचणी साधी आहे. वाचकाला समोर बसवायचं, एक काम द्यायचं आणि गप्प राहायचं. काम वाचकाच्या भाषेत सांगायचं. ‘आरक्षण पानावर जा’ असं सांगितलं की उत्तर आपणच दिलं. ‘हे पुस्तक कोणीतरी नेलंय, ते परत आलं की तुम्हाला मिळावं यासाठी काय कराल?’ असं विचारायचं. वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांचं म्हणणं प्रसिद्ध आहे की पाच जणांच्या चाचणीत बहुतेक मोठे अडथळे बाहेर येतात. ते बऱ्यापैकी खरं आहे, पण पाच जण एकाच गटातले धरून. विद्यार्थी पाच, ज्येष्ठ वाचक पाच, स्क्रीन रीडर वापरणारे पाच, असे वेगळे बसवले तर वेगळे खड्डे दिसतील. आणि पाच मिळाले नाहीत तर एकालाच बसवा, शून्यापेक्षा ते फार पुढचं आहे. डोळे मिटून स्वतः स्क्रीन रीडर चालवून बघणं शिकण्यापुरतं ठीक. रोज त्यावरच जगणाऱ्या माणसाची सफाई आणि सवयी आपल्याकडे नसतात, त्यामुळे आपले निष्कर्ष दोन्ही बाजूंनी चुकतात.

मेनूची रचना ठरवायला कागदाच्या चिठ्ठ्या पुरतात. एकेका चिठ्ठीवर एकेक विषय लिहून वाचकांना त्यांचे गट करायला सांगायचे आणि गटांना नावंही त्यांनाच द्यायला लावायची. आणखी एक फुकटचा खजिना म्हणजे शोधपेटीची नोंदवही. शून्य निकाल आलेले शब्द महिन्यातून एकदा चाळले तर नोंदींतल्या चुका, वाचकांचे खरे शब्द आणि ग्रंथालयात नसलेली पण हवी असलेली पुस्तकं, तिन्ही एका जागी सापडतात. देवघेवीच्या टेबलावर आणि फोनवर लोक जे पुन्हा पुन्हा विचारतात, तेही लिहून ठेवावं. ज्या प्रश्नाचं उत्तर वेबसाइटवर असूनही लोक फोन करतात, ते उत्तर वेबसाइटवर सापडत नाही असंच धरायचं.

वेबसाइट सुरू झाल्यानंतर प्रत्येक पानाला एक सांभाळणारा हवा आणि ते शेवटचं कधी तपासलं त्याची तारीख हवी. सुटीच्या दिवसाची चुकीची वेळ वाचून बंद दारापर्यंत आलेल्या वाचकाला बाकीच्या सजावटीचं काय. आणि एक पान सुगम्यतेविषयी असावं, पण ‘आम्ही कटिबद्ध आहोत’ छापाचं नको. कोणती गोष्ट अजून नीट चालत नाही ते त्यावर नाव घेऊन लिहावं: जुन्या अंकांच्या पीडीएफ ऐकता येत नाहीत, अमुक ई-पुस्तकं कळफलकाने उघडत नाहीत. ती दुसऱ्या कोणत्या मार्गाने मिळतील, कोणाला फोन करायचा, किती दिवसांत उत्तर मिळेल हेही लिहावं. संपर्कासाठी फक्त ऑनलाइन अर्ज ठेवू नये, कारण अडलेला वाचक कदाचित त्या अर्जापाशीच अडलेला असेल.